बैलाचं बटण सगळ्यात वर

पहिल्याच दिवशी मला खटकलं होतं. फॉर्मवर ‘नर’ आणि ‘मादी’ अशी दोन गोल बटणं होती आणि दोन्ही एकदम दाबली जात होती. एकाच शेळीला. मी दचकून माउसवरचा हात काढला, जणू मीच काहीतरी मोडलं. शेजारी आमचे सीनियर गणेशदादा बसले होते. त्यांना दाखवलं, तर स्क्रीनकडे न बघताच म्हणाले, “दाबणाऱ्याला अक्कल पाहिजे ना, मॅडम. दोन्ही कावून दाबायचे?”

आमच्या ऑफिसातले किस्से असेच साठतात. एक गोष्ट खटकते, कोणी ऐकत नाही, मग तिच्यावर दुसरी येऊन बसते. आता मैत्रिणी फोन केला की “कशी आहेस” विचारत नाहीत, “आज काय दाबलं?” विचारतात. त्या हसतात. मला मात्र अजून राग येतो.

ऑफिस म्हणजे बीडमध्ये आप्पांच्या सरकी-पेंडीच्या दुकानाचा वरचा मजला. आप्पा मालक, गणेशदादा त्यांचा भाचा, आणि तिसरी मी, बीएस्सी कॉम्प्युटर. आम्ही जनावरांच्या दवाखान्यांसाठी एक प्रोग्राम करतो. जनावराची नोंद ठेवायची, औषधाचा डोस काढायचा, कागद छापून द्यायचा. आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे चौसाळ्याच्या एका डॉक्टरांचा खाजगी दवाखाना.

*

जुन्या टेबलफॅनची बटणं आठवा. एक दाबलं की आधीचं टक्‌कन वर येतं. स्क्रीनवरच्या गोल बटणांनाही तसंच वागायला लावता येतं, पण त्यासाठी कोणती बटणं एकमेकांची हे प्रोग्रामला सांगावं लागतं. त्याला ग्रुप म्हणतात. तो डोळ्यांना दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते गणेशदादांच्या लेखी नसतंच. त्यांनी ‘नर’ एका चौकोनात ठेवलं होतं, ‘मादी’ दुसऱ्या चौकोनात, कारण तसं “उठून दिसतं”.

मी दोन दिवस धीर गोळा करून म्हटलं, “दादा, ग्रुप करावा लागेल.”

त्यांनी केला. एकच. फॉर्मवरची झाडून सगळी बटणं त्या एका ग्रुपमध्ये कोंबली आणि प्रोग्राम चौसाळ्याला पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी तिथल्या कंपाउंडरचा, नामदेवकाकांचा, फोन आला. “ताई, ‘मादी’ दाबली तर ‘शेळी’ गायब व्हायली. ‘शेळी’ दाबली तर ‘मादी’ पळती. मग दूध कोन देतंय?”

फोन स्पीकरवर होता. आप्पांनी भुवया उंचावून वर बघितलं, तेव्हा गणेशदादा शांतपणे म्हणाले, “नवीन पोरगी हाय, मामा. शिकंल हळूहळू.”

मी तिथेच बसले होते. घरी जाऊन मात्र पोळपाटावर अशी पोळी लाटली की आई म्हणाली, “पिठानं काय केलंय तुझं?”

*

मग मी तीन वेगळे ग्रुप केले. जनावर कोणतं, नर की मादी, आणि गाभण की भाकड. हे सगळं नीट चाललं, फक्त तिसऱ्या ग्रुपला अजून एक बटण हवं होतं: ‘लागू नाही’. कारण ग्रुपची एक खोड असते. त्यातलं एक बटण एकदा दाबलं की कोणतं ना कोणतं दाबलेलं राहतंच. सगळी उठवता येत नाहीत.

हे मी आप्पांना सांगितलं. आप्पा म्हणाले, “लागू न्हाई, तर बटण कशाला पाहिजे?”

ते बटण राहूनच गेलं.

तीन आठवड्यांनी एक गृहस्थ आपला बोकड घेऊन वडवणीच्या बाजारात गेले. तब्येत चांगली आहे म्हणून दवाखान्याचा छापील कागद सोबत नेला. गिऱ्हाइकानं कागद वाचला, बोकडाकडे बघितलं, परत कागद वाचला. कागदावर स्वच्छ लिहिलेलं: नर, गाभण. तासाभरात अख्खा बाजार तो बोकड बघून गेला म्हणे.

कागदाच्या खाली आमचा नंबर असतो. त्या गृहस्थांनी थेट ऑफिसला फोन लावला आणि मी उचलला. ते अजिबात चिडले नव्हते, तेच जास्त लागलं. “काय न्हाई बाई,” ते म्हणाले, “बारशाची तारीख सांगायला फोन केला. झबलं घेऊन या.”

मी लगेच नामदेवकाकांना फोन लावला. “काका, तुम्हाला दिसलं नाही का?”

“दिसलं की,” काका म्हणाले. “चुकून दाबलं गेलतं, पुन्हा उठंच ना. मागं एकदा मी कागदावर पेनानं खाडाखोड केली तर डॉक्टरसाहेब लई बोलले. म्हनले, कंप्युटर सांगंल ते करायचं, तुजं डोकं लावायचं न्हाई. तवापासून मी लावत न्हाई.”

हे वाक्य डॉक्टरांचं नव्हे, आप्पांचं. प्रोग्राम विकताना आप्पा दुकानातल्या खुर्चीत मागे रेलून प्रत्येकाला हेच सांगतात, “आता डोकं लावायचं कामच न्हाई.” तीस वर्षं जनावरांत काढलेल्या माणसाला डोकं बाजूला ठेवायला सांगितलं, आणि त्यानं इमानदारीनं ठेवलं. यात हसण्यासारखं काय आहे ते मला कळत नाही. ऑफिसात मात्र आठवडाभर हसत होते.

*

मध्ये एकदा गंगाखेडकडचे कोणी पाहुणे दुकानात आले होते. आप्पांनी त्यांना कौतुकानं वर आणलं. सगळं दाखवलं. कॉम्प्युटर, इन्व्हर्टर, नवीन पंखा. गणेशदादांकडे बोट करून म्हणाले, “हे आमचे इंजिनियर.” मग माझ्याकडे वळून, “आन ही बटणवाली.”

पाहुण्यांना वाटलं मी शर्टांना बटणं लावते. त्यांनी विचारलं, “काज पण करता का?”

गणेशदादा बारावीनंतर कॉलेजला गेले नाहीत. मी एवढंच सांगते, बाकी तुम्ही ठरवा.

*

आता पोळ्याचं.

पोळा आठ दिवसांवर आला होता. चौसाळ्याचे डॉक्टर बीडला आले होते, तेव्हा आप्पांकडे चहाला थांबले. स्क्रीनवर जनावरांची यादी उघडी होती. शेळी, मेंढी, गाय, म्हैस, बैल. मी कॉलेजात असल्यापासून तीच होती. डॉक्टरांनी कपातला चहा संपवला आणि म्हणाले, “आप्पा, बैल शेवटी कावून?”

आप्पांनी पहिल्यांदाच ती यादी नीट वाचली असावी. त्यांचा चेहराच उतरला. “पोळा तोंडावर आलाय,” ते म्हणाले, “आन बैल शेळीच्या खाली? गणेश, बैल वर घे. सगळ्यात वर.”

“दोन मिनिटांचं काम हाय, मामा,” गणेशदादा म्हणाले.

दोन मिनिटांचंच होतं. पण ग्रुप प्रत्येक बटणाला क्रमानं नंबर देतो, आणि आमचा प्रोग्राम नोंदीत जनावराचं नाव ठेवत नाही, तो नंबर ठेवतो. शेळी पहिली होती म्हणून एक, मेंढी दोन, शेवटचा बैल पाच. बैल वर नेला की बैल एक होणार. जुन्या नोंदींत मात्र एक म्हणजे शेळी.

मी म्हटलं, “दादा, प्रत्येक बटणाला आपण कायमचा नंबर देऊ. मग कोणी वर जावो, कोणी खाली.”

“ग्रुप आपोआप देतोय की नंबर,” ते म्हणाले. “तुला लई हौस कामं वाढवायची.”

डॉक्टर समोर बसलेले. मी रिकामे कप उचलून खाली नेले. याचा राग मला दादांचा येत नाही, माझाच येतो. त्याच संध्याकाळी दादा पेनड्राइव्ह घेऊन डॉक्टरांच्या गाडीतून चौसाळ्याला गेले आणि नवीन प्रोग्राम टाकून आले.

*

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीला, सकाळी ऑफिसात मी एकटीच होते. चौसाळ्याच्या नोंदींची एक जुनी नक्कल आमच्याकडे असते. नव्या प्रोग्राममध्ये ती उघडून बघितली, म्हटलं खात्री करावी. पहिलंच नाव गयाबाईंचं. चौसाळ्याच्या बाहेर वस्तीवर राहतात, बावीस शेळ्या, त्यावरच घर चालतं. नावाखाली ओळीनं बावीस वेळा लिहिलेलं होतं: बैल. बैल. बैल.

आधी मला हसूच आलं. मग समोर डोस दिसला. वजन टाकलेलं नसलं की प्रोग्राम त्या जातीच्या जनावराचं सरासरी वजन धरतो. आता तो बावीस शेळ्यांना बैलाचं वजन धरून जंताचं औषध काढत होता. आणि पुढची तारीख आजचीच होती. सकाळी दहा, नामदेवकाका वस्तीवर जाऊन पाजणार.

घड्याळात साडेदहा झाले होते.

नामदेवकाकांना फोन केला. रिंग वाजत राहिली. पुन्हा केला. दवाखान्याचा फोन लागेना. डॉक्टर सणाला सासरवाडीला, धर्मापुरीला गेलेले, त्यांचा फोन बंद. गणेशदादांनी उचलला, पण पलीकडे इतका गोंधळ होता की दोनदा ओरडून सांगावं लागलं. “काका एवढे येडे न्हाईत,” ते म्हणाले. “शेळी दिसंल ना त्यांला.”

“काका डोकं लावत नाहीत, दादा. आपणच सांगितलंय त्यांना.”

“बैलाला हळद लावायलोय मी, मॅडम. नंतर करतो,” म्हणून त्यांनी ठेवला.

मी खाली दुकानात पळत गेले. आप्पा म्हणाले, “सणासुदीला कोन फोन उचलतंय, पोरी? सगळे बैलांपाशी असतील.” मी पुन्हा वर आले. काकांना सहा वेळा केला. सातव्यांदा करताना नजर स्क्रीनवर गेली. गयाबाईंच्या नोंदीत त्यांचाही नंबर होता. आपण गिऱ्हाइकाच्या गिऱ्हाइकाला फोन करायचा नाही, असा आप्पांचा नियम आहे. मी लावला.

एकदा पूर्ण वाजून बंद झाला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा कोणीतरी उचलला. मागे शेळ्यांचा कालवा, आणि एक बाई धापा टाकत म्हणाली, “हां, कोन?”

मी एका दमात म्हटलं, “गयाबाई, मी बीडहून बोलतेय, दवाखान्यातला तो कॉम्प्युटर आम्ही...”

“तुमीच का त्या कंप्युटरवाल्या?” गयाबाई म्हणाल्या. “बरं झालं बाई, फोन केलात. आर्ध्या तासापासून मी शेळीला मिठी मारून खाली बसलेय, आन ह्यो बाबा बाटली घिऊन समोर हुबा हाय. कागद दावतोय, म्हनतोय ही बैल हाय. घ्या, तुमीच बोला ह्याच्याशी.”