ऐनवेळचा विषय

शेळगावच्या आमच्या भाजीपाला गटाचा मी सचिव. म्हणजे सतरंजी टाकण्यापासून उचलण्यापर्यंत सगळा कारभार माझा. आमची बैठक सुरू व्हायची ती सत्काराने. कुणाचा पोरगा पास झाला, कुणी ट्रॅक्टर घेतला, आणा नारळ. मग मागच्या बैठकीत काय ठरलं त्याचं वाचन, आणि मागं काही ठरलेलंच नसायचं. मग तात्यांचं, म्हणजे आमच्या अध्यक्षांचं, मार्गदर्शन. तेवढ्यात चहा यायचा. कप हातात आला की बैठक संपली, हा आमचा कायदा. कुणी केला देव जाणे.

'ऐनवेळचे विषय' सगळ्यात शेवटी. ज्याच्या शब्दाला वजन नाही, त्याचा विषय तिथं ढकलायचा. कालव्यापलीकडच्या एका वहिनींचा विषय तिथंच अडकला होता. नवरा बारामतीच्या एमआयडीसीत, भेंडी त्या एकट्याच तोडायच्या. भेंडी दिवसाआड गेली नाही तर जून होते, मग तिला कुत्रं विचारत नाही. गटाची पिकअप पुलाच्या अलीकडंच थांबायची. क्रेट डोक्यावर घेऊन त्या पुलावर येईस्तोवर गाडी बारामतीच्या वाटेला लागलेली. मागणी एवढीच, की गाडी पूल ओलांडून बांधापर्यंत यावी. दर बैठकीला त्या मागं भिंतीला टेकून बसायच्या आणि चहा आला की कप न घेता उठायच्या. ते बघून माझा जीव तुटायचा.

या उन्हाळ्यात एकदा माझं डोकं फिरलं. हॉटेलवाल्याला बजावलं, "मी हाक मारल्याबिगार चहा आणायचा न्हाय."

तात्या नारळ घेऊन उभे राहिले, तसं मी म्हणालो, "तात्या, बसा. आज शेवटचा विषय पहिला."

"आन सत्कार?"

"नारळ काय नासत न्हाय. भेंडी नासती."

लोक हसले. तात्या गोरेमोरे होऊन बसले. दाराशी बसलेल्या पिकअपच्या ड्रायव्हरला मी सरळ विचारलं, गाडी पुलापलीकडं जाईल का. तो म्हणाला, "पुलावरनं गाडी निवांत जाती की. मला कुणी सांगितलंच न्हाय."

"मग जा उद्यापासनं," तात्या म्हणाले. "त्यात काय एवढं?"

संपलं. तंबाखू मळून होईस्तोवर विषय मिटला. हत्तीवरून साखर वाटावी असं मला झालं.

तात्यांनी मागं वळून विचारलं, "काय सूनबाई, झालं न्हवं तुझं काम?"

वहिनी पदर सावरत उभ्या राहिल्या. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

"गाडी नगं आता, तात्या. परवाच भेंडीत रोटर फिरवून समदं पीक मोडलं. पार जून झाली व्हती."

  वहिनी खाली बसल्या आणि मला म्हणाल्या, "घ्या भाऊजी, फुडचा विषय घ्या."