सही झालेला करार

भंडाऱ्यातल्या एका महाविद्यालयानं मला विद्यार्थ्यांना संदर्भ शोधायला शिकवण्यासाठी बोलावलं. नागपूरला विद्यार्थ्यांसाठी अभिरूप संयुक्त राष्ट्रसभेची स्पर्धा भरणार होती. प्रत्येकानं एका देशाचा प्रतिनिधी व्हायचं, त्या देशाची बाजू मांडायची आणि प्रत्येक मुद्द्याला कागदाचा आधार दाखवायचा. विषय होता परदेशात अटक झालेल्या नागरिकांचे हक्क. वर्तमानपत्रातून निवृत्त झालेल्या माझ्याकडे शिकवण्यासारखी एकच गोष्ट होती: बातमी हा पुरावा नव्हे, पुराव्याचा पत्ता आहे.

देशांच्या वाटपात अमेरिका, रशिया, फ्रान्स आधी गेले. लाखनीहून बसनं येणाऱ्या एका मुलीनं आखातातला एक लहान देश मागितला.

“काहून वो? तिथं रेतीच त हाये,” एक जण म्हणाला.

“रेतीच पाहिजे त वैनगंगेवर जा ना,” दुसऱ्यानं जोड दिली.

“तिथं आता उरली कुठी?” ती म्हणाली. सगळे हसले. देश तिला मिळाला.

बाकीचे गेल्यावर तिनं कारण सांगितलं. तिचा भाऊ हायवेवर ट्रक चालवायचा. जास्त पगारासाठी त्या देशात ट्रेलर चालवायला गेला. अपघातात एक माणूस दगावला आणि त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. अपील फेटाळलं गेलं होतं. तिनं प्लॅस्टिकमध्ये घातलेलं एक जुनं कात्रण पुढं केलं. दोन्ही देशांत कैदी हस्तांतरणाचा करार झाला, उरलेली शिक्षा मायदेशी भोगता येईल, अशी बातमी होती.

“नागपूरच्या जेलात आला त आई बसनं जाऊन भेटू शकते, सर. मी तिले सांगून देलं, दादा येते म्हणून. फक्त मूळ करार पाहिजे. अर्जाले जोडाले.”

स्पर्धेत ती याच्यासाठीच उतरली होती.

वाचनालयाच्या संगणकावर आम्ही शोध सुरू केला. परदेशी नागरिकाला अटक झाली तर त्याच्या वकिलातीशी संपर्क साधण्याचा त्याचा हक्क त्याला विनाविलंब सांगावा, असं म्हणणारा आंतरराष्ट्रीय करार लगेच सापडला. तिनं कलम उतरवून घेतलं. भावाला असं कोणी काही सांगितलं नव्हतं. पुढं कैदी हस्तांतरणाच्या करारांची सरकारी यादी मिळाली. तीत देशाच्या नावापुढं दोन रकाने होते. एक सहीच्या तारखेचा, दुसरा करार लागू झाल्याच्या तारखेचा. तिच्या देशापुढं पहिल्यात तारीख होती. दुसरा रिकामा होता.

“भरायचं राहिलं असंन,” ती म्हणाली.

तसं असू शकतं, म्हणून त्या देशाचं राजपत्र पाहिलं, इंग्रजी भाषांतरात. करार मंजूर केल्याचा आदेश कुठंच नव्हता. तिथल्या भारतीय दूतावासाला मेल पाठवला. उत्तर दोन ओळींचं आलं: करार अद्याप अमलात आलेला नाही.

कात्रणातली बातमी चुकीची नव्हती. त्या दिवशी सही झालीच होती. त्यानंतर काय झालं याची बातमी कोणी दिली नाही, कारण काहीच झालं नव्हतं.

“आईले तुमीच सांगा,” मुलगी म्हणाली. “माझ्यावर ती चिडंन. पेपरवाल्याचं मानते.”

लाखनीला हायवेच्या उड्डाणपुलाच्या बाजूला त्यांचं घर आहे. आधी पुढं अंगण आणि चहाची टपरी होती. आता पायरीला लागून सर्व्हिस रोड जातो. आईनं खुर्ची दिली, स्वतः उंबऱ्यावर बसली. मी सांगितलं. ट्रक जात होते, त्यामुळं दोनदा सांगावं लागलं.

“मंग पेपरात खोटं छापलं का जी?”

“खोटं नाही. सही झाली आहे. करार लागू झालेला नाही.”

“सही झाली ना?”

“झाली.”

“या रोडासाठी आमची सही घेतली,” ती म्हणाली. “आठ दिवसांत जेसीबी दारात होता. तवा कोनी म्हनलं नाही, लागू व्हाचं हाये म्हणून.”

मुलगी भिंतीला टेकून उभी होती. आईनं तिच्याकडं पाहिलं नाही.

स्पर्धेत मुलगी त्या देशाची प्रतिनिधी म्हणून बोलली. भारताच्या प्रतिनिधीनं तिला विचारलं, तुमचा देश आमचे कैदी परत का पाठवत नाही? नियमाप्रमाणं तिला देशाचीच बाजू मांडायची होती. लागू असलेल्या प्रत्येक कराराचं आमचं सरकार पालन करतं, असं ती म्हणाली आणि आधाराला यादी दाखवली. संदर्भांच्या अचूकतेचं बक्षीस तिला मिळालं.

प्रमाणपत्र तिनं घरी नेलं. आईला वाचता येत नाही. आईनं खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

“हे कोनाची सही हाये?”

“परीक्षकाची.”

आईनं प्रमाणपत्र परत तिच्या हातात दिलं आणि चूल पेटवायला आत गेली.