अण्णांच्या सायकलची दांडी

अजून दुपारी डोळा लागला, की ती सायकल येते. काळी, दांडीवर सोनेरी रेघ. चाकांचा आवाज नाय, ढगातून चालल्यासारखी.

पोलीस ॲक्शनला काही वर्षं झाली होती. मला पडेगावच्या शाळेत नोकरी लागली आणि मी स्वतःला लई शहाणी समजायला लागले. जायला वडिलांची, अण्णांची, सायकल होती. निजामाच्या काळातली, विलायती, पण मर्दानी. मधली दांडी आडवी. माझं नवंकोरं गोल पातळ दांडीपलीकडं जाईना. मी फर्मान काढलं, दांडी कापून खाली झाळून घ्यायची, लेडीज सायकल करायची.

गुलमंडीतल्या मिस्त्रीनं दांडीवर खडूनं खूण केली. "काट देंगे बाई, क्या है उसमें."

अण्णा उपरण्याच्या टोकानं ती सोनेरी रेघ पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "कापली की ती दुसऱ्याच कुणाची सायकल होईल."

"अन् नाय कापली तर नोकरी दुसऱ्याच कुणाची होईल," मी म्हणाले. जीभ तेव्हाही अशीच होती.

मिस्त्रीनं जुम्म्यानंतर या म्हणून सांगितलं. घरी आत्या तांदूळ निवडत होती.

"लोखंड कशाला कापायलीस? लुगडं नेस, काष्टा घाल."

"आत्या, मी मास्तरीण आहे. काष्टा घालून जाऊ?"

"मग पायी जा, मास्तरीणबाई."

त्या गोल पातळासाठी मी घर डोक्यावर घेतलं होतं. अख्खी क्रांती निऱ्यांत खोचून फिरायची येडी. रुसून बघितलं, कुणी विचारलं नाय. शेवटी आत्याचंच लुगडं नेसले.

ओट्यावर पाय टेकून चढायची, फेरी मारून ओट्याशीच उतरायची. एकदा धाडकन पडले. अण्णा धावत आले, आधी सायकल उचलली, दांडीवरून हात फिरवला आणि मग विचारलं, "तुला लागलं का गं?"

शाळेच्या पहिल्या सकाळी छावणी मागं पडली. हरभऱ्यावर धुकं, लांब किल्ला अर्धा विरघळलेला, काष्ट्यात वारा. मी चालवत नव्हते, कुणीतरी नेत होतं. पडेगाव आलं. फाटकात पोरी हात जोडून उभ्या. तिथं ओटा नव्हता, आणि दांडीवरून ओट्याशिवाय उतरायचं कसं, हे मी शिकलेच नव्हते.

पोरींना मान डोलावली आणि तशीच तरंगत पुढं गेले, दौलताबादकडं.