वहीतली आई

नुकत्याच काढलेल्या झेरॉक्सचा गरम वास आला की मला राहुरीच्या कॉलेजातला एक तास आठवतो. परीक्षा तोंडावर आली होती आणि इंग्रजीचे सर साहित्यातल्या संज्ञांची आणि ग्रीक पुराणकथांची उजळणी घेणार होते. आदल्या दिवशी त्यांनी माझी वही मागून नेली होती. "कुणाला दाखवणार नाही," असंही म्हणाले होते. वहीत धान्याच्या देवीची गोष्ट होती. तिची मुलगी वर्षातले काही महिने पाताळात जाते आणि तेवढे दिवस जमीन उजाड होते. त्याखाली मी माझ्यापुरतं लिहिलं होतं, 'आमच्यात उलटं आहे. दसऱ्यानंतर माझी आई कोयता घेऊन उसतोडीला जाते आणि घरी मुलगी उजाड होते.' वर्गाचे पत्रे तापले होते, खिडकीतून कारखान्याच्या मळीचा वास येत होता. सरांनी नोट्सच्या गरम झेरॉक्स वाटल्या, फळ्यावर 'रूपक' लिहिलं आणि माझंच वाक्य सांगितलं, फक्त 'माझी आई'च्या जागी 'एखादी बाई' घातली. "काल एसटीत बसल्या बसल्या सुचलं मला," ते म्हणाले. शेजारची मैत्रीण कुजबुजली, "सरांचं डोकं लई भारी हाय." मी मान खाली घालून ते वाक्य सगळ्यांसारखं उतरवून घेतलं. आता मीही शिकवते. परवा एका विद्यार्थिनीने त्याच सरांच्या नोट्सची ताजी झेरॉक्स माझ्यापुढे धरली आणि त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "मॅडम, ही बाई कोन?" मी पेन घेतलं, 'एखादी बाई' खोडलं आणि वर लिहिलं, 'माझी आई'.