नेर्मिन हानम काय म्हणाल्या

तुर्कस्तानातल्या, इझमीरच्या घराच्या बाबतीत माझ्या अक्काला आणि दाजींना मी फसवलं. त्या दुभाषी बाईंनी नाही — मी. हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मग आताच का सांगतोय, असं तुम्ही विचाराल. परवा एक पत्र पोस्टात टाकून आलो आणि तेव्हापासून कचेरीत बसवत नाही, एवढंच.

मी साइटी विकतो. तुम्ही प्लॉट म्हणता त्याला आम्ही बंगळुरात साइट म्हणतो. मोजणीवाल्यांची साखळी ओढत उन्हात फिरण्यापासून सुरुवात केली; आज महादेवपुऱ्याकडच्या किती लेआउटांत मी विकलेल्या जागांवर घरं उभी आहेत. भांडून, आवाज चढवून, खुर्ची मागं सारून उठून जाऊन भाव पाडायचा — हे माझं शिक्षण. मी दारापर्यंत गेलो की समोरचा ‘स्वल्प इरी, अण्णा’, जरा थांबा, म्हणत मला हात धरून परत बसवतो. नेहमीच. त्यामुळं माणसाला वाटायला लागतं, आपल्याला सगळं कळतं.

अक्का माझी थोरली बहीण. दाजी अकरा वर्षं कुवेतला मशिनी दुरुस्त करत होते, तेव्हा त्यांच्या विजयाला शाळेत घालायला मी गेलो, तापात डॉक्टरकडं मी नेलं, सायकल मी शिकवली. तिच्यासाठी बेळगावचं स्थळ मी आणलं आणि त्या लोकांना शब्द दिला. आमच्याकडं मुलीचा हात धरून तिला बोहल्यावर मामा नेतो. मी त्यासाठी फेटासुद्धा आणून ठेवला होता. आणि विजयानं काय केलं? इथल्या कारखान्यात मशिनी खरेदी करायला आलेल्या एरोल नावाच्या तुर्काशी रजिस्टर लग्न. मला फोन आला तो सह्या झाल्यावर. ‘मामा, आधी सांगितलं असतं तर तू होऊ दिलं असतंस का?’

नसतं होऊ दिलं. तिचं बरोबर होतं — म्हणूनच जास्त झोंबलं. तो फेटा अजून कपाटात आहे, घडी न मोडलेला.

अक्का सहा महिन्यांत विरघळली. दाजी तर त्याआधीच. युद्ध सुरू झालं आणि ते एका पिशवीनिशी कुवेतहून परत आले; बँकेतली पुंजी तेवढी सुदैवानं वाचली. एकुलती एक लेक इझमीरला, मग म्हातारपण इथं कशाला काढायचं? तिच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एक लहानसं घर घ्यायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. अक्का मला म्हणाली, ‘व्यंकू, तू चल बाबा. घर घ्यायचं म्हणजे तुझ्यासारखा भांडकुदळ माणूस पाहिजे.’

मी गेलो. विजयानं सगळं माझ्यावर सोपवलं — माझी मर्जी परत मिळवायचा तिचा तो मार्ग होता, हे मला कळत होतं. मी एरोलच्या घरात पाणी प्यायलो, जेवलो नाही.

घर तिसऱ्या मजल्यावर. बाल्कनीतून दोन इमारतींच्या फटीत हातभर समुद्र दिसायचा. दाजींनी वीत-वीत मोजून अक्काची खुर्ची कुठं आणि तुळशीची कुंडी कुठं ते ठरवून टाकलं. मी त्या विकणाऱ्याशी कागदावर आकडे लिहून तीन दिवस भांडलो, दोनदा जिना उतरून खाली गेलो, दोनदा त्यानं मला वर बोलावलं. त्या देशातही माझं चालतंय म्हटल्यावर मी किती फुगलो असेन, विचार करा.

मग नोटरीकडं जायचा दिवस. वेळ मी ठरवली — विजया कामावर असेल अशी. तिथला नियम असा, की परक्याला भाषा येत नसेल तर शपथ घेतलेला दुभाषी बसवतात, आणि त्यानं कागद वाचून समजावल्याशिवाय सही होत नाही. आमच्यासाठी नेर्मिन हानम आल्या; हानम म्हणजे आपल्याकडचं ‘बाई’. इंग्रजीच्या निवृत्त शिक्षिका. करडं स्वेटर, दोरीला अडकवलेला चष्मा, वर्गातल्या पोरांशी बोलावं तसं सावकाश इंग्रजी. अक्काला मराठी आणि कन्नड. दाजींचं इंग्रजी मशिनीपुरतं. म्हणजे नेर्मिन हानम तुर्कीतून मला सांगणार आणि मी या दोघांना सांगणार. मधे दुसरं कुणी नाही.

त्यांनी कागद वाचला. मग तो खाली ठेवला आणि चष्मा काढला. मला प्रत्येक शब्द आठवतो. त्या म्हणाल्या — हा फक्त विकण्याचा वायदा आहे, यानं घर तुमचं होत नाही. घर जमीन-नोंदणी कचेरीतच नावावर होतं आणि तुमच्या देशाच्या माणसांच्या नावावर ते इथं होणार नाही. पण तुमची मुलगी लग्नानं इथली नागरिक झाली आहे ना? तिच्या नावावर घ्या. आजच, थेट नोंदणी कचेरीत. या कागदावर सही करू नका.

हे त्यांचं काम नव्हतं. त्यांनी कागद वाचून गप्प बसायला हरकत नव्हती. त्यांनी अक्काकडं बघून सांगितलं, जणू अक्काला इंग्रजी कळत होतं.

अक्कानं मला विचारलं, ‘काय म्हणतात रे त्या?’

मी म्हणालो, ‘म्हणतात, घर लाभू दे. सही कर.’

बस. एवढंच. इतकी वर्षं मी या एका वाक्याभोवती फिरतोय.

का केलं? आमच्या बंगळुरात निम्मे लेआउट पॉवर ऑफ अटर्नीच्या कागदांवर उभे आहेत; शिक्क्याचा कागद आणि हातात किल्ली असली की कोण उठवतो, असं मला वाटत होतं. हे खरं आहे. पण मी ते कारण म्हणून सांगितलं तर तेही खोटंच ठरेल. कारण त्या क्षणी माझ्या डोक्यात लेआउट नव्हते. डोक्यात एकच होतं — माझ्या अक्काचं घर एरोलच्या बायकोच्या नावावर? मी भांडून मिळवलेलं घर त्या घरात जाणार? ज्यांनी मला लग्नाला उभं केलं नाही, त्यांच्या?

नेर्मिन हानमनी मला विचारलं, ‘सांगितलंत ना त्यांना?’ मी मान हलवली. दोघांनी सह्या केल्या. अक्का सही करताना ओठ हलवते, अक्षर अक्षर म्हणत. तेव्हाही हलवत होती.

एक हिवाळा ती दोघं तिथं राहिली. मग एक माणूस आला, नोंदणी कचेरीचा पक्का कागद घेऊन. विकणाऱ्यानं घर त्याला विकलं होतं आणि स्वतः गाव सोडला होता. दाजींनी लाल शिक्क्याचा आपला कागद काढून दाखवला. तो माणूस भला होता, म्हणे; त्यानं तो नीट वाचला आणि परत दिला. संध्याकाळी अक्काचा देव्हारा, लोणच्याच्या बरण्या आणि ती कुंडी जिन्यात होती.

जावयाच्या घरी राहायला नको म्हणून दोघं बंगळुरात माझ्याकडं परत आली. दावा लावला. तिथल्या वकिलानं सांगितलं, कायद्यानं तुमची बाजू लुळी आहे; एकच वाट आहे — दुभाष्यानं तुम्हाला काही समजावलं नाही, असं सिद्ध करा. अक्का म्हणाली, ‘नव्हतंच सांगितलं तिनं काही.’ दाजी म्हणाले, ‘नव्हतंच.’ दोघं खरं बोलत होते. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मी साक्ष द्यायला इझमीरला गेलो. तिथं तुमचं बोलणं जसंच्या तसं लिहीत नाहीत; न्यायाधीश ऐकतात आणि टंकलेखकाला आपल्या शब्दांत सांगतात. मी दहा मिनिटं बोललो, आवाज चढवला, टेबलावर बोट आपटलं. कागदावर दोन ओळी उतरल्या. साक्षीदार म्हणतो, दुभाष्यानं काही सांगितलं नाही. नेर्मिन हानम समोर उभ्या होत्या, त्याच स्वेटरमध्ये. त्या मला थेट इंग्रजीत म्हणाल्या, ‘तुम्ही मान हलवली होती.’ न्यायाधीशांनी त्यांना थांबवलं. त्यानंतर त्यांना नोटरीकडं कामाला बोलावत नाहीत, असं वकिलाकडून कळलं.

विजयाचा एकदा फोन आला होता. ‘मामा, हानमनी माझं नाव सुचवलं होतं ना? त्या मला भेटल्या.’ मी म्हणालो, ती बाई स्वतःला वाचवतेय. आणि फोन ठेवल्यावर — हे सांगायलाच हवं — मी अक्काला म्हणालो, ‘तुझी लेक त्या बाईला जाऊन भेटते. त्या विकणाऱ्यालाही ही मंडळी ओळखत असतील.’ त्यानंतर अक्कानं विजयाचा फोन घेतला नाही. विजयाला मुलगी झाली. अक्कानं तिचा फोटो पाकिटातून बाहेर काढलेला नाही.

दाजी दाव्याच्या तिसऱ्या वर्षी गेले. तारखेला इझमीरला जाऊन आले आणि आठवड्यात गेले. शेवटपर्यंत बाल्कनीचं माप सांगत होते.

गेल्या महिन्यात वकिलाचं पत्र आलं. वरच्या कोर्टानंही दावा फेटाळला. आता पुढं काही नाही. सोबत निकालाचं इंग्रजी. ते अक्काला वाचून दाखवायला पुन्हा मीच. दुसऱ्या पानावर नेर्मिन हानमचा जबाब होता, सगळा — वायदा, नोंदणी, मुलीचं नाव, आणि मामानं हलवलेली मान. अक्का समोर तांदूळ निवडत बसली होती. मी काय केलं असेल?

मी पान उलटलं.

मग तिनं माझ्याकडून त्या बाईंना पत्र लिहून घेतलं. ती सांगत गेली, मी इंग्रजीत उतरवत गेलो. ‘लिही, तुला माहीत होतं. लिही, तू सांगितलं असतंस तर मी आज माझ्या लेकीच्या गल्लीत असते. माझा नवरा तुमच्या कोर्टाच्या पायऱ्या चढून-चढून मेला. लेक असून मला नाही. लिही, माझ्यासमोर येऊन उभी राहा आणि उत्तर दे.’ मी एक शब्द गाळला नाही, एक वाढवला नाही. अक्काच्या आणि त्यांच्या मधे बसून मी केलेलं हे पहिलं खरं भाषांतर. नेर्मिन हानमना माझं अक्षर ओळखू येईल. नोटरीच्या कागदावर साक्षीदाराचं नाव मीच लिहिलं होतं.

अक्कानं ओठ हलवत सही केली. मी पत्र पोस्टात टाकलं.

आज सकाळी मी निघालो तेव्हा ती दारात उभी होती. म्हणाली, ‘व्यंकू, कुणीतरी उत्तर द्यायलाच हवं की नको?’

मी म्हणालो, ‘द्यायलाच हवं, अक्का.’