आत्याने लावलेले सूर

आत्या मला कधीच आवडली नाही, आणि मी तिला. आई गेल्यावर तिने मला सांभाळलं हे खरं, पण घास घशाखाली उतरायच्या आत उपकार काढायची. अभ्यासात मी काय दिवे लावले ते शेजाऱ्यांना ऐकवायची. संग्रहालयातलं तीनशे वर्षांचं हार्पसिकॉर्ड सुरात लावायचं काम ती एकतीस वर्षं करत होती. पियानोच्या आधीचं हे वाद्य. पट्टी दाबली की पिसाचं टोक तार छेडतं. हवा जरा बदलली की सूर उतरतात. आत्या रोज सकाळी किल्लीने खुंट्या पिळायची, झिजलेली पिसं काढून नवी तासून बसवायची. त्या पिसांशी ती जितकी हळुवार वागायची, त्याच्या दशांशानेही माझ्याशी कधी वागली नाही.

मग वाद्याच्या लाकडाला तडा गेला. शेवटचं एकदा ध्वनिमुद्रण करायचं आणि तारा कायमच्या सैल करून ते काचेच्या पेटीत ठेवायचं, असं ठरलं. मी एरवी जाहिरातींचे आवाज टिपणारा. दुसरं कुणी मोकळं नव्हतं म्हणून काम माझ्याकडे आलं. आत्याने नाक मुरडलं. तीन दिवस ती दर तासाला येऊन वाद्य लावायची आणि जाताना माझ्या माइकच्या वायरींना नावं ठेवायची. खास परदेशातून बोलावलेल्या वादकाने वाजवलं आणि तो आपल्या देशी निघून गेला.

स्टुडिओत ऐकायला बसलो आणि उडालोच. काही स्वरमेळ मधासारखे, पण मधेच एखादा असा कडू की तो चटकन संपावा असं वाटे. म्हातारीचे कान गेले, मी म्हटलं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. दोन आठवडे कॉम्प्युटरवर एकेक स्वर खेचून सरळ केला. आत्याच्या हट्टापायी पुन्हा तेच बाहेर पडू नये म्हणून मूळ मुद्रण पुसूनही टाकलं.

संग्रहालयाच्या प्रमुख बाईंसमोर ते ऐकवलं. आत्याच्या चुका मी निस्तरल्यात, हेही मुद्दाम त्यांच्यादेखत सांगितलं. बाई खूश. आत्या डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग तिने मूळ मुद्रण मागितलं. मी पुसलं म्हणालो.

ती ओरडेल म्हणून मी कंबर कसून बसलो होतो. ती ओरडली नाही. माझ्याकडे न बघता बाईंना सांगू लागली, की त्या काळी वाद्य असंच लावत. काही मेळ अगदी गोड राहावेत म्हणून काही कडू होऊ द्यायचे, आणि रचना करणारे शोकाच्या जागी नेमका तो कडू मेळ ठेवायचे. मी त्याच जागा सपाट केल्या होत्या. तारा आठवड्यापूर्वीच सैल झाल्या होत्या. पुन्हा ताणल्या असत्या तर लाकूड फुटलं असतं.

"विचारायचं होतंस," ती मला म्हणाली.

"विचारलं असतं तर तू चारचौघांत माझी लाज काढली असतीस."

"काढली असती. मग सांगितलं असतं."

दुसरं काही हातात नव्हतं, म्हणून बाईंनी सीडी तशीच काढली. आत्याने कव्हरवरून स्वतःचं नाव काढायला लावलं. जुनं वाद्य इतकं सुरात कधी ऐकलं नव्हतं, असं लोक मला लिहून पाठवतात. एकतीस वर्षं तिने जपलेला आवाज मी दोन आठवडे खपून, मन लावून मारला, आणि शाबासकी मला मिळते.