इलेक्ट्रिकलमधले बारीकसारीक शॉक

आमच्या वीजकेंद्रात दोन गोष्टी रोज साचतात. एक राख आणि दुसरे किस्से. राख निदान सिमेंटवाले ट्रक भरून घेऊन जातात, किस्से मात्र आमच्याच डोक्यावर! परवा जुन्या मैत्रिणी भेटल्या आणि "तुझ्या त्या प्लांटमधलं सांग ना" म्हणून मागे लागल्या. दोन चहा झाले तरी संपेनात. म्हटलं, थोडे इथंही उतरवून ठेवावेत.

मी साताऱ्याची. इंजिनिअर झाले आणि ट्रेनी म्हणून थेट डहाणूला. आमच्या डिपार्टमेंटच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "आधी वर्षभर इलेक्ट्रिशियनबरोबर हात काळे करा." त्यांचे स्वतःचे हात कायम पांढरेशुभ्र!

वर्कशॉपमध्ये तिघं होते. धाकटी डहाणू गावचे मधुकाका, घोलवडचे भरतभाई आणि रानशेतचे काळूरामदादा. मधुकाकांनी मला नीट न्याहाळलं.

"शिकायला आलीस का शिकवायला?"

"शिकायला."

"मग बस. शिकवायला येतात त्यांना आम्ही खुर्ची देत नाही."

*

एकदा कूलिंग फॅनचं काम संपवून भरतभाई फॅनजवळ उभे होते. मी कंट्रोल रूममध्ये, हातात वॉकीटॉकी.

"भरतभाई, फॅन चालू?"

"छे!"

साताऱ्यात ‘छे’ म्हणजे नाही. ठणठणीत नाही! मी लगेच साहेबांना कळवलं. साहेब ड्रॉइंगची भेंडोळी काखेत मारून धावत सुटले, मी मागोमाग. जाऊन बघतो तर फॅन असा सणाणत होता की साहेबांची ड्रॉइंगं पार कुंपणापर्यंत उडाली.

"अरे बेटा, मी बोललो ने, छे!" भरतभाई म्हणाले. गुजरातीत ‘छे’ म्हणजे ‘आहे’!

साहेबांनी ऑर्डर काढली, यापुढे वॉकीटॉकीवर फक्त हिंदी. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच परीक्षा घेतली.

"भरतभाई, नया ऑर्डर समझ में आया?"

"हां साहेब!"

"तो हिंदी में बोलो. फॅन चालू है?"

"छे!"

*

सेफ्टीच्या बाबतीत आमचे साहेब फार कडक. एका दुपारी वर्कशॉपमधून जळका वास यायला लागला. साहेबांनी नाक वर करून निदान केलं, "केबल जळतेय!" सायरन वाजला. सगळं डिपार्टमेंट गेटजवळच्या मोकळ्या जागेत रांगेत उभं. हजेरी घेतली. मग साहेबांनी भाषण सुरू केलं. आग कशी लागते, माणूस कसा घाबरतो, घाबरू कसं नये.

मधुकाका सारखी चुळबुळ करत होते. शेवटी त्यांना राहवेना.

"साहेब, मी आत जाऊन येऊ?"

"अजिबात नाही! आत काय सोनं ठेवलंय?"

"बोंबील ठेवलेत हीटरवर. आता खरंच जळतील!"

*

मग ती पाल. एका पॅनेलमध्ये शिरली, दोन तारांना एकदम चिकटली आणि एक पंप बंद पडला. पाल जागच्या जागी गेली. हेड ऑफिसहून फर्मान आलं, मूळ कारण शोधा. मीटिंग भरली. पंप का बंद पडला? पाल शिरली. पाल का शिरली? फट होती. फट का होती? इथपर्यंत ठीक चाललं होतं. पण साहेबांना कुठं थांबायचं ते कळत नाही.

"पण पालीला आत जावंसं का वाटलं?"

"तिला विचारायचं राहिलं साहेब," काळूरामदादा म्हणाले.

मी खाली मान घालून हसू दाबत होते. भरतभाईंनी मात्र गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "पण पाल आपली होती का कॉन्ट्रॅक्टची?"

"कॉन्ट्रॅक्टचीच," काळूरामदादा म्हणाले. "परमनंट असती तर काम करायला आत कशाला गेली असती?"

तिघंही परमनंट!

*

मुंबईहून एक डायरेक्टर यायचे होते, म्हणून प्लांट रंगवायला काढला. झाडांचे बुंधे झाले, पायऱ्या झाल्या, रंग उरला म्हणून पेंटरने पंपांच्या मोटारीही रंगवल्या. डायरेक्टर एका चकचकीत निळ्या मोटारीसमोर थांबले. काहीतरी विचारायला हवं म्हणून विचारलं, "ही किती पॉवरची?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी मधुकाकांकडे. मधुकाकांनी मोटारीवरची पाटी बोटानं चाचपली. तीही निळी झाली होती.

"कालपर्यंत लिहिलं होतं साहेब!"

*

काळूरामदादांच्या लेकीचा साखरपुडा होता. त्यांनी अख्ख्या डिपार्टमेंटला आमंत्रण दिलं, साहेबांसकट. मुलाकडचे तलासरीहून आले होते. दादा आठवडाभर धड जेवले नव्हते, काही कमी पडायला नको म्हणून. ती सोयरीक नीट पार पडली, मुलगी तलासरीत सुखात आहे. पण त्या दुपारी दादांचा जीव टांगणीला लागला होता.

पंगत बसली आणि लाईट गेली. मंडपातले पंखे थांबले, स्पीकर गप्प झाला. ऐन मे महिना! मुलाचे मामा घाम पुसत मोठ्यांदा म्हणाले, "व्याही वीज बनवतात असं ऐकलं होतं!"

सगळे हसले. दादा हसले नाहीत. लेकीनं आतून डोकावून बघितलं तसा त्यांचा चेहरा आणखीच उतरला. मधुकाका ताटावरून उठून फ्यूज बघून आले. फ्यूज शाबूत होता. भरतभाईंनी खिशातून टेस्टर काढला, उगाचच बोर्डाला लावला, आणि परत जेवायला बसले. मी तर इंजिनिअर, त्यामुळे वरण वाढून घेतलं.

दादांनी तालुक्याच्या वीज ऑफिसला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, मामांनाही ऐकू जावं म्हणून.

"लाईट कधी येईल?"

"काय सांगणार? वरूनच नाही."

"वरून म्हणजे?"

"वर म्हणजे वर! प्लांटलाच विचारा!"

दादांनी पंगतीवरून एकदा नजर फिरवली. मधुकाका, भरतभाई, मी. मग सरळ जाऊन फोन साहेबांच्या हातात दिला.

साहेबांनी हातातली पुरी खाली ठेवली, उभे राहिले, घसा साफ केला आणि ऑफिसातल्या आवाजात म्हणाले,

"ठीक आहे. मी वर कळवतो."